17 डॉलरच्या पिशवीत कॉफी किती आणि सैनिक किती?

विचारणा थोडक्यात अशी आहे. ऑफिसातला एक सहकारी पूर्वी अमेरिकन सैन्यात होता. त्याने एका 'व्हेटरन-ओन्ड', म्हणजे माजी सैनिकाच्या मालकीच्या, कॉफी ब्रँडची पिशवी भेट दिली. 12 औंसाची पिशवी, किंमत 17 डॉलर. कॉफी कडू लागली, दूध-साखर घातल्यावर बरी वाटली. दुकानात याच्या निम्म्या भावात कॉफी मिळते. पण माजी सैनिकाला मदत होत असेल तर दरमहा दोन पिशव्यांचं सबस्क्रिप्शन घ्यावं असं मनात येतंय. घ्यावं का? पुढे एक वाक्य आहे: "मला कॉफीतलं काही कळत नाही."

त्या शेवटच्या वाक्याबद्दल नंतर बोलतो, कारण ते खरं नाही.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी सोळा वर्षं इथे अमेरिकेत कॉफी भाजतो. पहिली सहा वर्षं एका मोठ्या कॉन्ट्रॅक्ट रोस्टरीत होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या नावाने कॉफी भाजून, भरून, पाठवून देणाऱ्या कारखान्यात. आता स्वतःची छोटी रोस्टरी आहे. मी सैनिक नव्हतो आणि या ब्रँडांशी माझी स्पर्धा आहे. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

'व्हेटरन-ओन्ड' हे शब्द मालकाबद्दल काहीतरी सांगतात, पिशवीतल्या दाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत. किंमत योग्य आहे का, या एका प्रश्नात तुम्ही दोन प्रश्न कालवलेत: या कॉफीचे 17 डॉलर व्हावेत का, आणि यातून सैनिकाला काही मिळतं का. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, आणि बहुतेक वेळा येतातच.

पहिल्यापासून सुरू करू. 12 औंस म्हणजे 340 ग्रॅम भाजलेली कॉफी. भाजताना पाणी उडतं, साल सुटते, वजन घटतं. हलक्या भाजणीत 12-13 टक्के, काळपट भाजणीत 18 ते 20 टक्के. मधला 16 टक्क्यांचा आकडा धरला तर 340 ग्रॅमसाठी साधारण 405 ग्रॅम कच्चे दाणे लागतात, म्हणजे पाऊण पौंडापेक्षा बरेच जास्त, जवळजवळ 0.9 पौंड. न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा, म्हणजे चांगल्या जातीच्या कॉफीचा, वायदा 2019 मध्ये पौंडाला 1 डॉलरच्याही खाली गेला होता. तोच फेब्रुवारी 2025 मध्ये 4 डॉलरच्या वर गेला. ब्राझीलमधला दुष्काळ हे एक मोठं कारण. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये ब्राझीलच्या मालावर 50 टक्के आयात कर बसला, कॉफीवरचा तो नोव्हेंबरात उठला. मधले तीन महिने आमच्या धंद्यातल्या कुणाला नीट झोप लागली नसेल. तेव्हा चांगला कच्चा माल पौंडाला साडेचार डॉलरने धरला, तर तुमच्या पिशवीत सुमारे 4 डॉलरचा दाणा आहे.

व्हॉल्व्हची पिशवी, लेबल, खोका मिळून 1 डॉलर. भाजणारा माणूस, गॅस, यंत्राची झीज, दीड डॉलर. कार्डाचं कमिशन 80 सेंट. 'फ्री शिपिंग' असेल तर ते फ्री नसतं. एक पौंडाचं पाकीट देशात कुठेही पाठवायला छोट्या धंद्याला 6 डॉलरच्या आसपास पडतात. झाले तेरा-सव्वातेरा. उरलेल्या पावणेचार डॉलरांत भाडं, जाहिरात, खराब गेलेली बॅच, परत आलेली पाकिटं आणि मालकाचं पोट. हे माझ्या वहीतले आकडे आहेत. दुसऱ्याचे थोडे इकडेतिकडे होतील, पण फार नाहीत.

म्हणजे 17 डॉलर ही लूट नाही. घरपोच येणाऱ्या, छोट्या रोस्टरच्या, चांगल्या दाण्याच्या कॉफीला हा सरळ भाव आहे. माझी पिशवीही याच्याच आसपास जाते.

पण या वाक्यातला 'चांगल्या दाण्याच्या' हा भाग विसरू नका. सगळी मेख तिथे आहे. तुमच्या पिशवीची तुलना कुणाशी करायची, हे पिशवीच सांगते. मागच्या बाजूला देश, प्रांत, शेतकरी किंवा सहकारी संस्था, धुण्या-वाळवण्याची पद्धत आणि भाजल्याची तारीख लिहिलेली असेल, तर तिची तुलना स्पेशालिटी कॉफीशी करा. स्पेशालिटी म्हणजे कपिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या रीतीने चाखून, 100 पैकी 80 किंवा जास्त गुण मिळालेली. तिथे बाजारभावच 16 ते 20 डॉलर आहे, म्हणजे मालक सैनिक असल्याबद्दल तुम्ही एक सेंटही जादा देत नाही. पण मागे फक्त 'डार्क रोस्ट, मध्य आणि दक्षिण अमेरिका' एवढंच असेल, पुढे कवटी, तलवार, पंख पसरलेला गरुड आणि दणदणीत नाव असेल, आणि भाजल्याच्या तारखेऐवजी वर्षभर पुढची 'बेस्ट बाय' असेल, तर ती कॉफी सुपरमार्केटातल्या चांगल्या काळ्या कॉफीची सख्खी बहीण आहे. त्या दुकानी कॉफीचा सरासरी भाव 2025 च्या सुरुवातीला पौंडाला 7 डॉलर होता, उन्हाळा संपेपर्यंत साडेआठच्या पुढे गेला. 12 औंसाला साडेसहा-सात. मग तुम्ही वरचे दहा डॉलर टपाल, चित्र आणि भावना यांचे देताय. तसे द्यायला माझी हरकत नाही, फक्त कशाचे देतोय ते माहीत असावं.

आता कॉन्ट्रॅक्ट रोस्टरीतली गोष्ट सांगतो. कोणाचं नाव घेणार नाही. आमच्याकडे एक काळा ब्लेंड, म्हणजे मिश्रण, होता, आतल्या आत त्याला आम्ही 'सात नंबर' म्हणायचो. ब्राझील जास्त, थोडा होंडुरास, त्याचा भाव उतरला की थोडा रोबस्टा, म्हणजे स्वस्त जातीचा दाणा. दुसऱ्या तडतडीपर्यंत भाजायचा. दाणे भाजताना दोनदा तडतडतात: पहिल्यांदा सुमारे 196 अंश सेल्सियसला, दुसऱ्यांदा 224 च्या आसपास. दुसऱ्या तडतडीनंतर दाण्यावर तेल येतं आणि मूळ शेताची चव पुसली जाते, उरते ती भाजणीची. तो सात नंबर एकाच दिवशी, एकाच ड्रममधून निघून तीन वेगवेगळ्या पिशव्यांत जायचा. एकीवर मासेमारीची होडी, एकीवर मोटारसायकल आणि एकीवर सैनिकी बूट. बुटाची पिशवी सर्वांत महाग होती. एका संध्याकाळी पॅकिंगवरच्या मुलाच्या हातून लेबलांची रिळं उलटसुलट झाली. तीनशे पिशव्या चुकीच्या नावाने गेल्या. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही.

बुटाच्या ब्रँडचा मालक खरोखर सैनिक होता. खोटं काहीच नव्हतं. फक्त त्याने कॉफी कधी भाजली नव्हती. तो आमच्या कारखान्यात दोनदा आला, दोन्ही वेळा फोटो काढायला. याला व्हाइट लेबल म्हणतात. आज कुणीही लॅपटॉपवर बसून आठवडाभरात असा ब्रँड उभा करू शकतो. कॉफी, पिशवी, टपाल सगळं दुसरा करतो, तुम्ही चित्र आणि कहाणी द्यायची.

हे ओळखायचं कसं? पिशवीच्या मागे बारीक अक्षरं वाचा. इथल्या अन्न-लेबलच्या नियमानुसार, ज्या कंपनीचं नाव छापलंय तिने माल स्वतः बनवला नसेल तर नावाआधी 'मॅन्युफॅक्चर्ड फॉर' किंवा 'डिस्ट्रिब्युटेड बाय' असं काहीतरी लिहावं लागतं. ते दिसलं तर समजा, भाजणारा दुसरा कुणीतरी आहे. ते पाप नव्हे, मोठमोठे ब्रँड असं करतात. पण मग वेबसाइटवरच्या 'आम्ही स्वतःच्या हाताने भाजतो' या वाक्याकडे जरा तिरक्या नजरेने बघायला हवं. सरळ ईमेल करून विचारा: कुठे भाजता, कोणत्या यंत्रावर, माझी पिशवी कोणत्या तारखेला भाजली? भाजणारा माणूस या प्रश्नाने खूश होतो आणि गरजेपेक्षा चौपट लांब उत्तर लिहितो. (हे उत्तर किती लांबलंय ते बघताय ना.) न भाजणाऱ्याकडून दोन ओळींचं गुळगुळीत उत्तर येतं.

आता उलट बाजू. माझ्या ओळखीत एकजण नौदलात होता, पाणबुडीवर. निवृत्तीनंतर 12 किलोच्या ड्रमवर भाजायला बसला. पाणबुडीत माणसाला नोंदी ठेवायची जी सवय लागते ती त्याच्या रोस्टरीत दिसते. प्रत्येक बॅचचं तापमान दर तीस सेकंदांनी, हाताने लिहिलेलं, गेल्या आठ वर्षांच्या वह्या फळीवर. त्याची ग्वाटेमालाची कॉफी मी आंधळ्या चाचणीत माझ्या ग्वाटेमालाच्या कॉफीपेक्षा वरची ठरवली होती, आणि कळल्यावर दिवसभर माझं तोंड उतरलं होतं. त्याच्या पिशवीवर झेंडा नाही. मागे एका कोपऱ्यात लहान अक्षरांत नौदलातली वर्षं लिहिली आहेत, बस. त्याला मी एकदा विचारलं, पुढे का नाही छापत? म्हणाला, "लोक दया म्हणून पहिली पिशवी घेतील. दुसरी घेतील का? मला दुसरी विकायचीय."

या दोन टोकांच्या मध्ये सगळे ब्रँड येतात. काही फार मोठे झालेत. ब्लॅक रायफल कॉफी कंपनी 2014 मध्ये युटाच्या सॉल्ट लेक सिटीत सुरू झाली. तिचा संस्थापक इव्हान हेफर सैन्याच्या स्पेशल फोर्सेसमध्ये होता. 2022 च्या फेब्रुवारीत कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. 2024 ची तिची विक्री 39 कोटी डॉलरांची होती. तिचा जाहीर वार्षिक हिशेब पाहिला तर त्या वर्षी ढोबळ नफा सुमारे 41 टक्के दिसतो आणि तरीही शेवटच्या ओळीत तोटा. म्हणजे कॉफी, पिशवी, कारखाना यांवर डॉलरातले 59 सेंट गेले आणि उरलेले जाहिरात, पगार, दुकानं, व्याज यांनी खाल्ले. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघितलं तर एवढ्या मोठ्या ब्रँडच्या पिशवीत ओरडून सांगण्याचा खर्च मोठा असतो, कुणी खिसा भरतोय असं नव्हे. आणि 'व्हेटरन-ओन्ड' हा शब्द अशा ठिकाणी थोडा पातळ होतो. शेअर मीही घेऊ शकतो, तुम्हीही. सैनिकांनी स्थापन केलेली कंपनी म्हणणं जास्त बरोबर. त्या तुलनेत इलिनॉयमधल्या रॉकफर्डची फायर डिपार्टमेंट कॉफी, नौदलात राहिलेल्या एका अग्निशामकाने 2016 मध्ये काढलेली, किंवा वॉशिंग्टन डी.सी.मध्ये दोन माजी मरीन्सनी 2014 मध्ये काढलेली कंपास कॉफी, यांची घडण वेगळी. शब्द एकच, माल आणि मांडणी निराळी.

शब्दाची सरकारी व्याख्याही आहे. केंद्र सरकारच्या लघुउद्योग प्रशासनाकडून, म्हणजे एसबीएकडून, प्रमाणपत्र मिळतं. धंद्याची किमान 51 टक्के मालकी आणि कारभार माजी सैनिकाच्या हातात हवा. 2023 च्या 1 जानेवारीपर्यंत हे काम व्हेटरन्स अफेअर्स खातं करायचं, मग ते एसबीएकडे आलं. प्रमाणित धंद्यांची यादी सगळ्यांना शोधता येते. मात्र यादीत नाव नसलं म्हणून माणूस खोटा ठरत नाही. हे प्रमाणपत्र मुळात सरकारी कंत्राटं मिळावीत म्हणून आहे, आणि शनिवारच्या बाजारात पिशव्या विकणाऱ्याला पेंटॅगॉनला कॉफी विकायची नसते. माझा पाणबुडीवाला त्या यादीत नाही, कागदपत्रांचा कंटाळा म्हणून. उलट 'मिलिटरी ग्रेड', 'टॅक्टिकल', 'देशभक्तांची कॉफी' असल्या शब्दांना कसलीही व्याख्या नाही. ते कुणीही छापू शकतो, मीसुद्धा. 'व्हेटरन-इन्स्पायर्ड' म्हणजे 'बदामाच्या चवीचं', ज्यात बदाम नसतो.

आता दुसरा प्रश्न, मदतीचा. इथे पिशवीवरचं वाक्य शब्दशः वाचा. 'नफ्याचा काही भाग माजी सैनिकांच्या संस्थांना' हे वाक्य मला आवडत नाही, कारण त्यात आकडा नाही. हिशेब करून बघू. 17 डॉलरच्या पिशवीवर सगळं वजा जाता 5 टक्के निव्वळ नफा राहिला, तर तो 85 सेंट. त्यातले 10 टक्के दान केले तर साडेआठ सेंट. दरमहा दोन पिशव्या घेऊन वर्षाला तुम्ही 408 डॉलर मोजाल आणि त्यातून सैनिकांच्या संस्थेला दोन डॉलर आणि काही सुटे सेंट पोचतील. तोटा झाला तर शून्य. याउलट 'प्रत्येक पिशवीमागे 1 डॉलर अमुक संस्थेला, अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असेल तर वर्षाला 24 डॉलर पोचतात आणि तुम्ही ते तपासू शकता. संस्था 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे का हे आयआरएसच्या, म्हणजे कर खात्याच्या, शोधपानावर दिसतं आणि तिचा दरवर्षीचा फॉर्म 990, म्हणजे हिशेबाचा अर्ज, सार्वजनिक असतो. संस्थेचं नावच न देता 'आमच्या वीरांना' एवढंच लिहिणाऱ्यापासून चार हात लांब राहा. सैनिकांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या बनावट संस्था इतक्या माजल्या होत्या की जुलै 2018 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं रक्षण करणाऱ्या केंद्रीय संस्थेने आणि राज्यांनी मिळून त्यांच्याविरुद्ध देशभर मोहीम काढली होती.

मदत हाच हेतू असेल तर सगळ्यात सोपा मार्ग कॉफीच्या पिशवीतून जातच नाही. आठ-नऊ डॉलरची दुकानातली कॉफी घ्या आणि वाचलेले दरमहा सोळा-सतरा डॉलर थेट द्या. उदाहरणार्थ फिशर हाउस फाउंडेशन, 1990 पासून लष्करी आणि व्हेटरन रुग्णालयांजवळ रुग्णांच्या कुटुंबांना राहायला घरं बांधून देतं. वर्षाला दोनशे डॉलर तिथे पोचतील. दोन डॉलर कुठे, दोनशे कुठे.

पण हे लिहिताना पाणबुडीवाला माझ्या डोळ्यांपुढे येतो, आणि हा हिशेब त्याच्यावर अन्याय करतो. त्याने संस्था काढली नाही, दुकान काढलंय. त्याच्याकडे दोन माणसं कामाला आहेत, त्यांतला एक माजी सैनिक. तुमचे 17 डॉलर म्हणजे त्याच्या घराचा हप्ता आणि त्या दोघांचा पगार. तिथे दान शोधणं चूकच. धंद्याने दान केलं नाही तर तो कमी सैनिकी होतो असं नाही. फक्त मग त्याला कॉफीवालाच माना आणि कॉफीवर जोखा. दानाची कहाणी सांगणाऱ्याला दानावर जोखा. माझा राग त्यांच्यावर आहे जे कॉफी विचारली की सैनिक पुढे करतात आणि सैनिक विचारला की कॉफी.

नोकऱ्यांच्या घोषणांचंही असंच. 2017 च्या जानेवारीत स्टारबक्सने 10 हजार निर्वासितांना नोकऱ्या देऊ म्हटलं, त्यावर ब्लॅक रायफलने आम्ही 10 हजार माजी सैनिक घेऊ असं जाहीर केलं आणि ती घोषणा खूप गाजली. गंमत अशी की स्टारबक्सने 10 हजार माजी सैनिक आणि सैनिकांचे जोडीदार घेण्याचं वचन 2013 मध्येच दिलं होतं. कोण देशभक्त आणि कोण नाही हा वाद कॉफीच्या कपात सुटायचा नाही. तुमचा सहकारी त्यात पडला असेल तर मान डोलवा आणि विषय बदला.

बाकी सैनिक आणि कॉफी ही जोडी जाहिरातवाल्यांनी जन्माला घातलेली नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकाला वर्षाला सुमारे 36 पौंड कॉफीचा शिधा होता. दाणे बंदुकीच्या दस्त्याने कुटून उकळायचे. 1914 मध्ये नौदल मंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी जहाजांवरची दारू बंद केली, मग कॉफीचं राज्य आणखी पक्कं झालं. दुसऱ्या महायुद्धात 1942 च्या नोव्हेंबरापासून पुढच्या जुलैपर्यंत घरी राहिलेल्यांना पाच आठवड्यांना एक पौंड कॉफी मिळायची. तुमचा सहकारी जेव्हा पिशवी हातात देतो तेव्हा त्याच्या मनात रात्रपाळीची पहाट, पत्र्याचा कप असं बरंच काही असणार. त्याने चव दिलेली नाही, आठवण दिलेली आहे. म्हणून कडू लागली हे त्याला सांगू नका.

आता ते वाक्य: 'मला कॉफीतलं काही कळत नाही.' तुम्ही लिहिलंय की कडू लागली, दुधात बरी लागली. हेच तर कळणं. काळी भाजणी बिनदुधाची पिणाऱ्याला राखेसारखी लागते, पण दुधातून तीच वर येते. हलक्या भाजणीची नाजूक आंबट-गोड कॉफी दुधात बुडते, कधी फाटल्यासारखी लागते. दूध-साखर घालून पिणार असाल तर 90 गुणांच्या इथियोपियन कॉफीचे पैसे तुमच्यासाठी वाया आहेत. तुम्हाला ताजी, मध्यम ते काळपट, अरेबिका कॉफी हवी. ती 17 डॉलरमध्येही मिळते आणि 11 मध्येही.

यातला 'ताजी' शब्द मी सगळ्यात वर ठेवीन. भाजल्यावर दाण्यातून आठवडा-दोन आठवडे कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, त्यासाठी पिशवीला तो छोटा व्हॉल्व्ह असतो. आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंत चव भरात. मग ती उतरते. काळ्या भाजणीचं तेल बाहेर आलेलं असतं, ते हवेने लवकर खवट होतं. दळलेली कॉफी तर दिवसांच्या हिशेबात उतरते. पिशवी उघडून हाताला दाणा चिकचिकीत लागला आणि वास जुन्या शेंगदाण्यासारखा आला, तर मालक जनरल असला तरी ती कॉफी जुनी आहे.

'डबल कॅफीन', 'बुलेटसारखी जोरदार' याला भुलू नका. काळी भाजणी म्हणजे जास्त कॅफीन नव्हे. कॅफीन वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे रोबस्टा मिसळणं. त्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं आणि तो सहसा स्वस्त असतो. जास्त पैसे देऊन स्वस्त दाणा घ्यायचा असेल तर घ्या. पॉड, म्हणजे यंत्रात घालायची एका कपाची डबी, तर विसराच. एका पॉडमध्ये 10-12 ग्रॅम कॉफी. पॉड डॉलरला एक पडला तर 340 ग्रॅमचे तीस डॉलर होतात, आणि त्यात झेंडा कितीही मोठा असला तरी कॉफी महिन्यांपूर्वी दळलेली. बर्बन, मेपल, दालचिनी वगैरे वासाच्या कॉफीबद्दल एवढंच सांगतो की आमच्या कारखान्यात जुना साठा तिकडेच वळवायचे.

माझं ऐकून ठरवू नका, घरी करून बघा. तीन सारखे कप घ्या. एकात सहकाऱ्याने दिलेली, दुसऱ्यात दुकानातली नेहमीची, तिसऱ्यात जवळच्या एखाद्या रोस्टरची चार औंसाची नमुन्याची पिशवी. तिन्ही सारख्या जाडीच्या दळलेल्या हव्यात. प्रत्येकात साधारण 8 ग्रॅम कॉफी, 150 मिली नुकतं उकळून मिनिटभर थांबवलेलं पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका, पाच-सात मिनिटं निववा. कपांच्या तळाला चिठ्ठ्या चिकटवा आणि घरातल्या कुणाला तरी कप फिरवायला सांगा. आधी बिनदुधाचीच चाखा, मग तिन्हींत सारखं दूध घालून. कोणता कप पुन्हा उचलावासा वाटतो तेवढंच लिहा. मी हा खेळ पाहुण्यांबरोबर बऱ्याचदा केलाय. सगळ्यात महाग पिशवी पहिली येण्याची पैज मी लावणार नाही.

सैनिकाची पिशवी पहिली आली, किंवा दुकानातल्या कॉफीपेक्षा स्पष्ट वर आली, तर सबस्क्रिप्शन घ्या, पण दोन नव्हे, एक पिशवी. माणशी रोज एक कप, कपाला 15 ग्रॅम धरले तर 340 ग्रॅमचे 22 कप होतात. दोन पिशव्या एका माणसाला दीड महिना पुरतात आणि तोवर दुसरी शिळी होऊ लागते. अख्खे दाणे मागवा, 30 डॉलरचं हाताने फिरवायचं ग्राइंडर घ्या. कपाचे 77 सेंट पडले. कॉफीशॉपमधल्या कपासमोर हे काहीच नाही, त्यामुळे या भावात पैशाची चिंता करण्यासारखं काही नाही. पिशवी मागे राहिली तर ती वर्षातून एकदा, नोव्हेंबरात व्हेटरन्स डेच्या सुमाराला, सहकाऱ्याला भेट द्यायला घ्या. त्याला ती आवडते हे तुम्हाला माहीत आहेच.

आणि घरात आत्ता उघडी पडलेली आहे तिचं असं करा. 100 ग्रॅम जाडसर दळून 800 मिली गार पाण्यात घाला, चौदा तास फ्रिजमध्ये ठेवा, कापडातून गाळा. गार पाण्यात काळ्या भाजणीचा कडवटपणा फारसा उतरत नाही. पिताना निम्मं दूध घातलं की आठवडाभर पुरतं. डब्यात भरून ऑफिसात न्या आणि पहिला ग्लास त्यालाच द्या.